काचेवरची टिचकी

नोकरीची पहिली काही वर्षं मी पांढरा कोट घालून काढली. होटगी रोडला शहर संपून बाभळी सुरू व्हायच्या, तिथं एका मोठ्या कंपनीनं दाबमापक बनवायचा कारखाना काढला होता. दाबमापक म्हणजे बॉयलरवर, पंपावर बसवतात ती काचेची गोल तबकडी. आत एक काटा असतो, तो वाफेचा किंवा तेलाचा दाब दाखवतो. मुंबईला मुख्य कचेरी, परदेशी कंपनीशी करार आणि फाटकावर बोगनवेल. सोलापुरात गिरण्या होत्या, माग होते, पण बोगनवेल लावलेला कारखाना बहुधा हा पहिलाच. गिरणीचा भोंगा झाला की अर्धं शहर जेवायला उठायचं. आमच्या कंपनीला भोंगा मागासलेला वाटायचा, म्हणून आमच्याकडं विजेची घंटा होती. वीज गेली की ती वाजायची नाही आणि आम्हीही गिरणीच्याच भोंग्यावर डबे उघडायचो. हे मुंबईला कोणी कळवलेलं नव्हतं.

पांढरा कोट फक्त तपासनिसांना. मी डिप्लोमा करून लागलो तेव्हा माझ्या गल्लीतल्या एका बाईंनी खोकणारं मूल माझ्यापुढं धरलं होतं. वडील कुर्डुवाडीला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये होते. आयुष्यभर तेलकट कपड्यांत राहिलेला माणूस. एकदा भेटायला आले, तर आधी स्वतःचे हात धोतराला पुसले आणि मग माझ्या कोटाची बाही चिमटीत धरून पाहिली. त्या कोटानं माझ्यावर एवढा परिणाम केला होता की वडिलांनी हात पुसले हे मला योग्यच वाटलं.

कारखान्यात एकच खोली वातानुकूलित होती, अचूक मापनाची. एरवी तिकडं कोणी फिरकायचं नाही, पण एप्रिल लागला की साऱ्या अधिकाऱ्यांना अचूकपणाची ओढ लागायची. हिशेबनीससुद्धा फायली घेऊन तिथं मापं समजून घ्यायला यायचे. भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की गुणवत्ता हा आमचा धर्म आहे. धर्म म्हटल्यावर जे होतं तेच त्याचंही झालं. सणासुदीला पाळायचा, म्हणजे पाहुणे येणार असले की.

दाबमापकाच्या आत केसासारखी बारीक स्प्रिंग असते. ती दातेरी चाकाच्या दांडीवर बसवायची म्हणजे डोळ्याचं आणि बोटांचं काम. मुंबईहून आलेल्या पोरांना ते जमेना. स्प्रिंगा वाकल्या, हरवल्या, एक तर एकाच्या मिशीत सापडली. मग कोणाच्या तरी लक्षात आलं की शहराच्या पूर्व भागात घरोघरी बायका विड्या वळतात. पान कातरायचं, चिमूटभर तंबाखू भरायची, वळायची, दोरा बांधायचा, आणि हे दिवसाकाठी हजारभर वेळा. ती बोटं कंपनीनं उचलली. मुंबईला पाठवलेल्या अहवालात याचं वर्णन 'विशेष प्रशिक्षित महिला कर्मचारी' असं होतं. प्रशिक्षण विडी कारखान्यात झालेलं होतं, एवढाच तपशील गाळला होता.

त्यांच्यातल्या एका बाईबद्दल मला लिहायचं आहे. सगळे तिला अक्का म्हणायचे. चाळिशीची, घरात तेलुगू बोलणारी, बाहेर आमच्या भागातलं रांगडं मराठी. नवऱ्याचा माग बंद पडला होता आणि तो घरी बसून होता. ती हंगामी कामगार होती. हंगामी म्हणजे सात महिने काम, मग 'ब्रेक', म्हणजे पंधरवडाभर घरी बसायचं आणि पुन्हा नव्यानं लागायचं. एखाद्याची नोकरी सलग झाली तर त्याला कायम करावं लागतं, म्हणून ही काळजी. अक्काचे असे तीन फेरे झाले होते. त्या वर्षी सहा हंगामी बायकांना कायम करायचं ठरलं आणि यादीत तिसरं नाव तिचं होतं. कायम झालं की वर्षभर पगार, आजारपणाची रजा आणि विडीच्या तंबाखूपासून कायमची सुटका. ती यादी मी पाहिली होती आणि ती यादीत आहे हे तिलाही ठाऊक होतं. पुढं जे झालं ते मी हे ठाऊक असताना केलं.

आता टिचकीचं सांगतो. दाबमापक तपासताना ते तेलाच्या दाबाखाली धरायचं आणि काटा बरोबर आकड्यावर येतो का ते बघायचं. आतल्या चाकांच्या घासण्यानं काटा कधी जरासा मागं राहतो, म्हणून परदेशी पुस्तकात काचेवर बोटानं एक हलकी टिचकी मारायची परवानगी होती. एक आणि हलकी. ही परवानगी आम्ही मोठ्या मनानं वापरली. एका टिचकीनं आला नाही तर दुसरी, मग तिसरी, मग जरा जोरात. माझ्या हाताखालच्या तपासनिसांना मीच तसं शिकवलं होतं. काटा येईपर्यंत मारायची आणि आला की 'पास'चा शिक्का. आमच्या टेबलावर सारखा ठकठक आवाज चालायचा. मुंबईचे एक साहेब तो ऐकून खूश झाले होते. म्हणाले, इथं काम चालू असल्याचं कानाला कळतं.

त्या वर्षी दातेरी चाकांचा नवा माल आला. पुरवठादार बदलला होता आणि तो वर्क्स मॅनेजरांच्या ओळखीतला होता. वर्क्स मॅनेजर म्हणजे कारखान्याचे मुख्य, मुंबईचे, मेमध्येही टाय लावणारे. अक्का आठवड्याभरातच माझ्याकडं आली. म्हणाली, ह्या चाकाच्या दात्यांना कूस हाय, बोटाला लागती, काटा अडकणार. कूस म्हणजे धातू कापताना कडेला राहणारं बारीक कुसळ. मी तिला जवळ बसवून दाबमापकाचं तत्त्व समजावून सांगितलं. पितळी नळी, दाब, चाक, काटा, सगळं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, व्हय, पण कूस हाय.

दुसऱ्यांदा ती एक दाबमापक हातात घेऊनच आली. टिचकी न मारता ते तेलाच्या दाबाखाली धरून दाखवा म्हणाली. मी धरलं. काटा अर्ध्यावर येऊन थांबला. मी टिचकी मारणार, तेवढ्यात तिनं माझ्या हाताकडं पाहिलं. मी हात खाली घेतला आणि तिला सांगितलं की वरती बोलतो. वरती म्हणजे वर्क्स मॅनेजरांशी. मी बोललो नाही. त्यांच्या ओळखीतल्या माणसाच्या चाकांबद्दल त्यांच्याशी बोलायचं आणि त्याच महिन्यात माझी बढतीची शिफारस जायची, हे मला एकत्र जमवता येईना.

तिसऱ्यांदा म्हणजे महिनाअखेरीला. आमच्याकडं महिन्याचे पहिले तीन आठवडे चहा, बैठका आणि सुटे भाग नसल्याच्या तक्रारी यांत जायचे आणि शेवटच्या चार दिवसांत अर्ध्या महिन्याचा माल निघायचा. चार वाजता ट्रक निघणार होता. तीनशे नग हवे होते, दोनशे बावन्न तयार होते. अक्कानं अडकणारे नग वेगळे काढून एका ट्रेमध्ये ठेवले होते आणि प्रत्येकाच्या मानेला लाल सूत बांधलं होतं. विडी कारखान्यात बाद विड्या बाजूला काढतात, त्याला छाट म्हणतात. तिनं ट्रे माझ्यापुढं ठेवला.

"ही छाट हाय, सायेब. ह्याच्यावर शिक्का मारू नका."

मी बरं म्हणालो. ती जागेवर गेली. मी नग मोजले, अठ्ठेचाळीस भरले. देवानं मोजून दिल्यासारखे. मी माझ्या छोट्या कात्रीनं अठ्ठेचाळीस सुतं कापली, ठकठक केली, शिक्के मारले आणि ट्रक चार वाजता निघाला. वक्तशीरपणाबद्दल आमच्या विभागाचं नाव कारखान्याच्या फलकावर खडूनं लिहिलं गेलं. सुतं मी कोटाच्या खिशात भरली होती. घरी कोट धुवायला टाकताना बायकोनं विचारलं, हे काय? मी म्हणालो, पॅकिंगचं.

दोन महिन्यांनी जिल्ह्यातल्याच एका साखर कारखान्यातून तक्रार आली. बॉयलरवरचा आमचा काटा सुरक्षित दाबाच्या हिरव्या पट्ट्यात निवांत बसला होता आणि आतला दाब वाढत होता. सुरक्षा झडप उडाली, वाफेचा फवारा निघाला, भट्टीवरची माणसं पळाली. कोणाला लागलं नाही. हे वाक्य मी तेव्हा बऱ्याच लोकांना बऱ्याचदा ऐकवलं. त्या झडपेनं आपलं काम आमच्यापेक्षा प्रामाणिकपणे केलं, हे मात्र कोणाला म्हणालो नाही.

तक्रार मुंबईला गेली, मुंबईहून परदेशात गेली आणि तिकडून एक तज्ज्ञ आला. उंच, गोरा, अर्ध्या बाहीचा सदरा घातलेला. आमच्या वर्क्स मॅनेजरांनी त्याच्या स्वागताला कोटसुद्धा चढवला होता, त्यामुळं दोघांत परदेशी कोण ते चटकन कळत नव्हतं. तज्ज्ञानं गोदामातून पन्नास नग मागवले आणि एकेक दाबाखाली धरला. काचेला बोट लावलं नाही. नुसता हात मागं बांधून बघत राहिला. पन्नासातले एकोणीस अडकले. मग त्यानं आमच्या टेबलाकडं बोट करून विचारलं, हे लोक सगळे काचेवर का मारतायत? वर्क्स मॅनेजर म्हणाले, ती इथली स्थानिक पद्धत आहे.

तज्ज्ञ परत गेला आणि दोषी शोधायचं काम सुरू झालं. चाकांचा विचार कोणी केला नाही, कारण चाकं ओळखीची होती. तपासणीचा विचार कोणी केला नाही, कारण तपासणी बघणाऱ्या माझ्या बढतीची शिफारस नुकतीच सही होऊन गेली होती. उरली स्प्रिंग. त्या नगांच्या स्प्रिंगा कोणी बसवल्या होत्या ते नोंदवहीत होतं. अक्काला कचेरीत बोलावलं.

टेबलामागं वर्क्स मॅनेजर, त्यांच्या डावीकडं कामगारांच्या भरतीचं बघणारे पर्सोनेल ऑफिसर आणि उजवीकडं मी, पांढऱ्या कोटात. कोपऱ्यात टिपणं घेणारा कारकून. अक्का समोर उभी. खोलीत रिकामी खुर्ची होती, पण तिला बस म्हणायचं कोणाला सुचलं नाही. पर्सोनेल ऑफिसरांनी तिला विचारलं की स्प्रिंगा नीट बसवल्या होत्या का. ती म्हणाली, स्प्रिंग नीट हाय, चाक खराब हाय. मग हे आधी का नाही सांगितलं, असं त्यांनी विचारलं.

"सांगितलं की. एकदा न्हाय, तीनदा. ह्या सायबांना इचारा."

तिनं माझ्याकडं पाहिलं ते आरोप म्हणून नाही. माझा साक्षीदार बसलाय, त्याला विचारा, असं ते बघणं होतं. तिची माझ्याबद्दल खात्री होती. वर्क्स मॅनेजर माझ्याकडं वळले.

मी म्हणालो, माझ्याकडं लेखी काहीही आलेलं नाही.

हे मी इंग्रजीत म्हणालो. वाक्य खरं होतं. अक्काला सहीपुरतं लिहिता यायचं. मराठीत ते वाक्य माझ्या तोंडून निघालं नसतं. इंग्रजीत ते निघालं आणि बरंही वाटलं, व्याकरणात चूक नव्हती. अक्काला कळलं नाही. तिनं मलाच विचारलं, काय म्हणालात, सायेब? मी सांगितलं, चौकशी चालू आहे असं म्हणालो. ती मान हलवून बाहेर गेली. दारात थांबून तिनं मला हात जोडले.

पुढच्या ब्रेकनंतर तिला परत बोलावलं नाही. यादीतलं तिसरं नाव खोडून चौथीला तिसरी केलं. महिन्याभरात माझी बढती झाली. चाकांचा पुरवठादारही कालांतरानं बदलला, गाजावाजा न करता. आणि टिचकीवर बंदी आली. तसा फलक मीच तयार करून घेतला.

मी काही रात्रंदिवस पश्चात्तापात जळत नव्हतो, खोटं कशाला सांगू. पगार वाढला होता, स्कूटरचा नंबर लागला होता. अक्का मला कधीतरी, भाजी घेताना वगैरे आठवायची आणि मी स्वतःला सांगायचो की मी फक्त एक खरं वाक्य बोललो. पाच वर्षं मी हे सांगत होतो आणि स्वतःला ते पटवण्यात मला बऱ्यापैकी यश आलं होतं.

मग कंपनीनं नवा विभाग काढायचं ठरवलं. मी तोवर विभागप्रमुख झालो होतो. भरतीचे अर्ज माझ्या टेबलावर यायचे. त्यात एका मुलीचा अर्ज होता, नववी पास, लग्न झालेली, पूर्व भागातली. अर्जाच्या कोपऱ्यात पर्सोनेल ऑफिसरांनी लाल पेन्सिलीनं लिहिलं होतं, खराब कामाबद्दल काढलेल्या कामगाराच्या घरातली, घेऊ नये. ती अक्काची सून होती.

एका रविवारी मी अक्काच्या घरी गेलो. ती उंबऱ्याशी मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती. मला पाहून तिनं सूप बाजूला ठेवलं, सुनेला तेलुगूत चहा टाकायला सांगितलं आणि मला पाटावर बसवलं. नवरा वर्षापूर्वी वारल्याचं तिनं सांगितलं. मी वाईट वाटल्याचं म्हणालो. मग, येताना घोकलेलं सगळं बोलून टाकलं. सुतं मी कापली, त्या दिवशी इंग्रजीत काय म्हणालो, ते का म्हणालो. ती ऐकत असताना तिची बोटं पुन्हा सुपाकडं गेली आणि तिनं दोन विड्या वळल्या.

"मला ठाव हुतं," ती म्हणाली. "भाइर आल्यावर कारकुनानं अर्थ सांगितला की."

म्हणजे पाच वर्षं तिला माहीत होतं. मी माफी मागितली. ती म्हणाली, माफीचं राहू द्या, सुनेला फाटकातनं परत लावली ते माझ्यापायी. मी सांगितलं हुतं, हे लिहून द्या. सूनबाई दाखवंल तिकडं.

मी खिशातलं पेन काढलं. सुनेनं वहीचा कागद फाडून दिला. मी लिहिलं, की सदर कालावधीत संबंधित कामगाराकडून सुट्या भागांच्या दर्जाविषयी तोंडी सूचना प्राप्त झाल्याचे स्मरते. सुनेनं मोठ्यानं वाचून दाखवलं. अक्कानं विचारलं, ह्यात मी कुटं हाय? सून म्हणाली, 'संबंधित कामगार' म्हणजे तुम्ही. आणि सांगितलं ते? ते 'प्राप्त झालं'. आणि ह्यांनी काय केलं ते? सुनेनं कागद उलटा करून पाहिला. म्हणाली, ते नाहीये.

"मग ह्ये कुणाचं काम हाय, सायेब? सूनबाई, दुसरा कागद दे."

वहीचे तीन कागद गेले. चौथ्यावर मी लिहिलं: अक्कांनी मला चाकं खराब असल्याचं तीनदा सांगितलं. मी ऐकलं नाही. त्यांनी बाजूला काढलेले नग मीच पास केले. चौकशीत मी हे लपवलं. खाली पूर्ण नाव, हुद्दा, सही. लिहायला सोपं होतं, चारच ओळी. सुनेनं दोनदा वाचलं. अक्कानं कागद घडी करून तांदळाच्या डब्याखाली ठेवला आणि माझ्या हातात थंड झालेला चहा दिला.

सोमवारी सून कागद घेऊन गेली. दुपारी पर्सोनेल ऑफिसरांनी मला बोलावलं. आता नोकरी जाणार या तयारीनं मी गेलो होतो. खरं सांगायचं तर जावी असंही वाटत होतं, म्हणजे हिशेब मिटल्यासारखं झालं असतं. त्यांनी दार लावलं आणि विचारलं, तब्येत बरी आहे ना? मग म्हणाले, अहो, कागद कशाला काढायचा? मला तोंडी सांगितलं असतंत तरी मुलीला घेतलं असतं, नव्या विभागाला बोटं हवीच आहेत. त्यांनी माझा कबुलीजबाब अक्काच्या फायलीत लावला. ती फाईल बंद झालेली होती, म्हणजे आता ती कोणी उघडणार नव्हतं. मला शिक्षा हवी होती, आणि कंपनीनं तेवढी मागणीही मंजूर केली नाही. अक्काला परत घ्या, असं मी त्याच बैठकीत म्हणालो. वयाची अट आहे, ते म्हणाले. अट खरी होती. मी ती नियमावलीत स्वतः पाहून आलो.

सून लागली. तिच्या पहिल्या महिनाअखेरीला गोदामातला माणूस ट्रकच्या नावानं ओरडत असताना ती माझ्या टेबलाशी आली. ट्रेमध्ये नऊ नग होते. तिनं ट्रे टेबलावर ठेवला, पण दोन्ही हात त्यावरच राहू दिले. म्हणाली, हे अडकतायत. मी म्हणालो, ठीक आहे, ठेव, बघतो.

"आधी लिहून घ्या. सासूबाईंनी सांगितलंय, सायबांनी लिहिल्याशिवाय ट्रे सोडायचा नाही."

आजूबाजूच्या बायकांची बोटं थांबली होती. गोदामातला माणूस दारात येऊन उभा राहिला. मी नोंदवही ओढली आणि लिहायला लागलो. नग नऊ, काटा अडकतो, सांगणारीचं नाव. ती वाकून ओळ वाचत होती. मी थांबलो तसं ती म्हणाली, वेळ पण टाका, साहेब. मी घड्याळात पाहिलं आणि टाकली, चारला दहा कमी. मग तिनं हात काढले.